तांबड्या घारीचे पुनरागमन

इ. स. 1500 च्या सुमारास व्हेनिसच्या वकिलातीबरोबर इंग्लंडात येऊन राहिलेल्या एका गृहस्थाने त्या मुलखाचा जो वृत्तान्त लिहून ठेवला आहे, त्यात राजदरबार, व्यापार, लोकांचा आहार आणि त्यांचा स्वदेशाभिमान यांच्या जोडीला तेथील घारींचाही उल्लेख आलेला आहे. रस्त्याने जाणाऱ्या लहान मुलांच्या हातांतील लोणी लावलेला पाव या घारी झडप घालून नेत, आणि तरीही त्यांना मारणाऱ्यास दंड होत असे; कारण शहरातील घाण त्या साफ करतात अशी नगरवासीयांची समजूत होती, असे तो सांगतो. पुढे 1571 मध्ये तेथे आलेल्या क्लूसियस या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञाला तर लंडनमधील घारींची संख्या कैरोतील घारींहून फारशी उणी नसावी असे वाटले. पुण्याच्या मंडईवर किंवा मुंबईच्या ससून डॉकवर घिरट्या घालणाऱ्या घारी ज्याने पाहिल्या आहेत, त्या मराठी वाचकाला हे दृश्य डोळ्यांपुढे आणण्यास सायास पडू नयेत. मात्र लंडनची ती घार म्हणजे आपली काळसर घार नव्हे. तिच्याच कुळातील, तिच्याहून थोडी मोठी, अंगाने तांबूस, डोक्याने राखी आणि शेपटीने अधिक खोल दुभंगलेली अशी ती तांबडी घार.

ज्या देशाच्या राजधानीत हा पक्षी मुलांच्या हातचा घास पळवीत होता, त्याच देशात चारशे वर्षांच्या आत त्याची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जोडपी उरावीत, आणि त्यानंतरच्या शतकभरात तोच पक्षी पुन्हा हजारोंच्या संख्येने नांदू लागावा, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुढील प्रकरणे टेम्स नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्या उत्तरेस पसरलेल्या चिल्टर्न टेकड्यांत अनेक वर्षे केलेल्या निरीक्षणांतून आकारास आली आहेत. ती वाचण्यापूर्वी या घारीचा पूर्वेतिहास वाचकाला ठाऊक असावा म्हणून ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहीत आहे. तिच्यात मला मुख्यतः एकच गोष्ट मांडावयाची आहे : ही घार सरकारी हुकमाने आणि जमीनदारांच्या बंदुकीने गेली, सरकारी बंदोबस्ताने आणि सामान्य माणसांच्या चिकाटीने परत आली, भूमी मात्र दोन्ही वेळा तीच होती.

हुकमाची हकिकत प्रथम सांगितली पाहिजे. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत 1532 साली, आणि पुढे एलिझाबेथ राणीच्या अमलात 1566 साली, धान्याच्या रक्षणासाठी म्हणून जे कायदे झाले, त्यांनी शेतीला व पाळीव जनावरांना उपद्रवी ठरविलेल्या प्राण्यापक्ष्यांची एक लांबलचक यादी करून प्रत्येकाच्या मुंडक्याला बक्षीस लावून दिले. हे बक्षीस राजाच्या खजिन्यातून मिळत नसे. ते गावच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी गावकऱ्यांवर पट्टी बसवून जमा केलेल्या पैशांतून द्यावयाचे असे. मुंडके आणावे, कारभाऱ्यांनी ते मोजून घ्यावे, त्यांच्या समक्ष ते जाळावे किंवा तोडून टाकावे, आणि दिलेल्या पैशांची नोंद जमाखर्चाच्या वहीत करावी, अशी ही व्यवस्था होती. कोल्हा, बिज्जू, साळिंदरासारखे काटे धारण करणारा बिचारा हेजहॉग, डोमकावळा, घार, असे सर्व जीव या एकाच रकान्यात येऊन बसले. त्या वह्यांपैकी पुष्कळ वह्या आजही शाबूत आहेत. केंट परगण्यातील टेंटर्डन या एकाच गावच्या दप्तरात शेकडो घारींच्या मुंडक्यांचे पैसे खर्ची पडलेले दिसतात. ज्या घारीला शहरात अभय होते तिलाच खेड्यात मृत्युदंड होता. आणि शहरांतील रस्ते जसजसे फरसबंद व स्वच्छ होत गेले, तसतसे तिचे शहरातील अभयही संपुष्टात आले.

एवढे होऊनही केवळ मुंडक्यांच्या बक्षिसाने ही जात नामशेष झाली नसती असे मला वाटते. तिचा खरा उच्छेद झाला तो अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत, जेव्हा मोठमोठ्या जहागिरींवर फेझंट व ग्राउझ या पक्ष्यांची शिकारीसाठी पैदास होऊ लागली, आणि त्यांच्या रक्षणासाठी पगारी रखवालदार नेमले गेले. गावचा शेतकरी सवड मिळेल तेव्हा घार मारीत असे. रखवालदाराचा तो पोटापाण्याचा उद्योग होता. त्याच्या हाती सुधारलेली बंदूक होती, लोखंडी सापळे होते, विष घातलेले मांस होते. आणि घार ही तर मेलेल्या जनावरावर उतरणारी, माणसाला फारशी न बुजणारी, संथ उडणारी, म्हणजे या तिन्ही साधनांना सहज बळी पडणारी. स्कॉटलंडमधील ग्लेनगॅरी या जहागिरीवर 1837 ते 1840 या तीन वर्षांत मारलेल्या प्राण्यांची जी यादी प्रसिद्ध आहे, तिच्यात 275 घारी आहेत. 1870 च्या दशकात इंग्लंड व स्कॉटलंड या दोन्ही देशांतून घरटे करणारी घार नाहीशी झाली. पक्षी दुर्मिळ होताच त्याच्या अंड्यांना आणि पेंढा भरलेल्या कातड्यांना संग्राहकांच्या बाजारात चढा भाव येऊ लागला, आणि जे बंदुकीतून वाचले होते त्यांच्यामागे हा नवा ससेमिरा लागला.

उरली ती वेल्समध्ये. तीही सबंध वेल्समध्ये नव्हे, तर मध्य वेल्समधील टायवी नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि लगतच्या डोंगरउतारांवर, जेथे खुरट्या ओकची राने आहेत, बारमाही पाऊस आहे, मेंढपाळांची विरळ वस्ती आहे, आणि शिकारीचे पक्षी पाळण्याइतकी बरकत नसल्यामुळे रखवालदारांचा सुळसुळाट कधी झाला नाही. 1903 साली काही पक्षीप्रेमींनी एक समिती स्थापून या उरल्यासुरल्या घारींच्या रक्षणाचे काम हाती घेतले. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीत घरटे असेल आणि त्या घरट्यातून पिल्लू सुखरूप उडून जाईल, त्याला बक्षीस देण्याची त्यांनी प्रथा घातली. मुंडक्यामागे मिळणारा पैसा आता घरट्यामागे मिळू लागला. एखाद्या वन्य पक्ष्याच्या रक्षणाचे इतके दीर्घकाळ आणि अखंड चाललेले काम जगात फार थोडे असेल. कारण तेव्हापासून आजपर्यंत, दोन महायुद्धे मध्ये येऊनही, वेल्समधील घरट्यांची पाहणी कोणी ना कोणी करीतच आलेले आहे. घरट्यांच्या जागा गुप्त ठेवाव्या लागत. अंडी चोरणारे रात्री येत, म्हणून झाडाखाली रात्रपाळीचे पहारे बसत. त्यात मेंढपाळ होते, शाळामास्तर होते, पाद्री होते. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोठे छापली गेली नाहीत.

तरीही संख्या वाढेना. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती कित्येकदा दोनचार जोड्यांवर येऊन ठेपे. पुढे या वंशाच्या जनुकीय तपासणीतून असे आढळले, की वेल्समधील सगळ्या घारींचा मातृवंश एकाच मादीपर्यंत जाऊन पोचतो. म्हणजे एके काळी या संपूर्ण बेटावर या जातीचे भवितव्य एका मादीच्या आयुर्मानावर अवलंबून होते. 1954 च्या पक्षीरक्षणाच्या कायद्याने घारीला सर्वत्र अभय दिले. परंतु त्याच सुमारास सशांमध्ये रोगाची साथ पसरून तिचे एक मोठे भक्ष्य नाहीसे झाले, आणि त्यापाठोपाठ शेतीतील नव्या कीटकनाशकांचा परिणाम तिच्या वीणीवर झाला. शंभर जोड्यांचा आकडा गाठण्यास 1990 चे दशक उजाडावे लागले. नव्वद वर्षांच्या पहाऱ्याचे हे फळ होते.

या मंदगतीची कारणे दोन आहेत, आणि ती नीट समजून घेतल्यावाचून पुढील प्रयोगाचे मर्म कळणार नाही. पहिले असे, की घारीचे पिल्लू मोठे झाल्यावर दूरदूर भटकून येते खरे, परंतु दोनतीन वर्षांनी जोडी जमवून घरटे बांधावयाची वेळ आली म्हणजे ते आपल्या जन्मस्थानाच्या आसपासच परतते. मोकळा मुलूख पुढे पसरलेला असला तरी जेथे आपल्या जातीचे कोणी नाही तेथे घरटे करण्याचे धाडस हा पक्षी सहसा करीत नाही. दुसरे कारण अधिक उद्बोधक आहे. वेल्सच्या पावसाळी डोंगरांत अन्न तुटपुंजे असते. अंडी निघतात दोनतीन, पण पिल्लू वाचते एखादे, आणि कित्येक जोड्यांचे तेही वाचत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ही घार फक्त अशाच ठिकाणी पाहिलेली असल्यामुळे ओले डोंगर आणि ओकची दरी हीच तिची प्रकृतिसिद्ध राहण्याची जागा होय, असा समज जाणत्या लोकांतही रूढ झाला होता. वस्तुतः ती तिची मायभूमी नव्हती. ते तिचे अज्ञातवासाचे ठिकाण होते. जेथे माणसाने मारले नाही तेथे ती उरली, एवढाच त्याचा अर्थ. संकटग्रस्त प्राण्यांच्या बाबतीत आपल्याकडेही ही चूक वारंवार होते : जो प्राणी ज्या कोपऱ्यात शेवटचा उरला, तोच कोपरा त्याला मानवतो असे आपण गृहीत धरतो, आणि त्याने गमावलेल्या विस्तीर्ण मुलखावरचा त्याचा हक्क विसरून जातो.

1989 साली सरकारी नेचर कॉन्झर्वन्सी कौन्सिल आणि रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स या संस्थांनी मिळून हा समज कसोटीस लावला. घार आपण होऊन येत नाही, तर तिला नेऊन सोडावे. आणि तीही वेल्ससारख्या डोंगरात नव्हे, तर शेते, कुरणे आणि मधून मधून राया असलेल्या सुपीक प्रदेशात, असे ठरले. दक्षिण इंग्लंडात चिल्टर्न टेकड्या आणि उत्तर स्कॉटलंडात ब्लॅक आइल ही दोन ठिकाणे निवडली गेली. स्कॉटलंडसाठी पिल्ले स्वीडनहून आली, चिल्टर्नसाठी मुख्यतः स्पेनच्या नव्हारा प्रांतातून. पिल्ले चारसहा आठवड्यांची असताना काढून घेत, आणि घरट्यात किमान एक तरी मागे राहील अशी खबरदारी घेत. 1990 च्या जुलै महिन्यात स्पेनमधील तेरा पिल्ले प्रवासी विमानाने लंडनला आली. टेकड्यांतील एका खासगी इस्टेटीवरच्या रानात लाकडी पिंजऱ्यांत त्यांना काही आठवडे ठेवण्यात आले. त्यांना माणसाचा लळा लागू नये म्हणून अन्न आत सरकविणाऱ्याने आपला चेहराही त्यांना दिसू दिला नाही. मग पंखांवर रंगीत पट्ट्या आणि शेपटीच्या पिसाला लहानसा रेडिओ लावून त्यांना सोडून देण्यात आले. 1994 पर्यंत चिल्टर्नमध्ये अशी एकंदर 93 पिल्ले सोडली गेली. 1992 साली, सुमारे सव्वाशे वर्षांच्या खंडानंतर, इंग्लंडात जन्मलेल्या घारीच्या पिल्लांनी पुन्हा पंख पसरले.

त्यानंतर जे घडले त्याने योजकही चकित झाले. चिल्टर्नमधील जोडी वर्षाला सरासरीने दोनेक पिल्ले वाढवू लागली. वेल्समधील जोडीच्या मानाने हे यश कितीतरी पट अधिक होते. खडूच्या पांढऱ्या टेकड्या, त्यांच्या माथ्यावर बीच वृक्षांची राई, उतारावर मेंढ्यांची कुरणे, पायथ्याशी नांगरलेली शेते आणि रस्त्यावर मोटारींखाली मेलेले ससे व फेझंट, एवढे सगळे एका दृष्टिक्षेपात सापडल्यावर घारीला आणखी काय पाहिजे? लंडनहून ऑक्सफर्डकडे जाणारा एम 40 हा महामार्ग स्टोकनचर्चजवळ या टेकड्या फोडून खाली उतरतो. तेथे मोटारीच्या काचेतूनच डोक्यावर पाचपन्नास घारी दिसतात, आणि त्या इकडे एके काळी नव्हत्याच असे सांगितले तर तरुण पिढीतील माणसाला ते खरे वाटत नाही.

ही घार प्रत्यक्ष कशी दिसते, याचे वर्णन पुढील प्रकरणांत जागोजाग आले असले तरी येथे थोडे थांबतो. तिच्या पंखांचा विस्तार पावणेदोन मीटरांहून अधिक, आणि वजन मात्र किलोच्या आसपास. त्यामुळे वाऱ्याची झुळूक तिला पुरते. पंख जवळजवळ न हलविता ती टेकडीच्या कडेने तरंगत जाते आणि सगळे वळणे, थांबणे, तिरके होणे शेपटीवर चालते. ही दुभागलेली तांबूस शेपटी क्षणोक्षणी डावीउजवीकडे मुरडत असते, नावेच्या सुकाणूवर अनुभवी नावाड्याचा हात असावा तशी. मार्चमधील एखाद्या कोरड्या सकाळी वॉटलिंग्टनच्या टेकडीवर उभे राहिले, की ती डोळ्यांच्या पातळीला, कधी कधी पातळीच्याही खाली येते, आणि मग तिचा पिवळसर डोळा, राखी डोक्यावरील बारीक काळ्या रेघा, आणि पंखाखालचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. जमिनीवरून उचललेला मांसाचा तुकडा ती झाडावर नेऊन खाईलच असे नाही. उडता उडताच पाय पुढे आणून, मान वाकवून, ती तो चोचीने सोलून खाते, आणि कावळे मागे लागलेले असले तर एवढ्यातच तिचे जेवण आटोपते.

या पक्ष्याला शिकारी म्हणतात खरे. पण त्याच्या पायांत बळ थोडे. मेलेली मेंढी पुढे पडली असली तरी तिचे कातडे फाडणे त्याला जमत नाही. डोमकावळ्याने किंवा बझर्ड या शिकारी पक्ष्याने ते आधी उकलून ठेवावे लागते. वसंतात नांगराच्या मागे घारी चक्क पायी चालत गांडुळे वेचतात. मेंढ्यांची कोकरे व कोंबड्या उचलून नेण्याचा जो आरोप तिच्यावर शतकानुशतके ठेवला गेला, आणि ज्याच्या आधाराने तिच्या मुंडक्याचे पैसे मोजले गेले, त्यातील कोकरांचा भाग सर्वस्वी खोटा होता. कोंबडीची लहान पिल्ले ती उचलते, हे आपल्याकडील कोणतीही घरधनीण सांगेल. घरट्याची तिची आवडही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका वादळानंतर बीचच्या झाडाखाली पडलेले एक जुने घरटे मी उलगडून पाहिले. त्यात मेंढीची लोकर भरपूर होती, आणि तिच्यात गुंतलेला निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा, मिठाईचा चकाकता कागद व लहान मुलाचा एक मोजा होता. वाळत घातलेले कपडे घार पळविते हे इंग्लंडातल्या बायकांना चारशे वर्षांपूर्वीही माहीत होते.

चिल्टर्नची ही भरभराट वाचून वाचकाने असे समजू नये, की पक्षी नेऊन सोडले म्हणजे काम झाले. त्याच वर्षांत, तितकीच 93 पिल्ले स्कॉटलंडमधील ब्लॅक आइल येथेही सोडली होती. तेथे अन्न होते, झाडे होती, आणि प्रत्येक जोडीची वीणही समाधानकारक होती. असे असूनही 2006 पर्यंत चिल्टर्नमध्ये दोनशेच्या वर जोड्या नांदत असताना ब्लॅक आइलमध्ये त्या चाळीसच्या आसपासच राहिल्या. अभ्यासकांनी दोन्हीकडील नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा फरकाचे कारण एकच निघाले : भोवतालच्या शिकारीच्या मुलखात बेकायदा घातलेले विष. 2014 च्या वसंतात त्याच भागातील कॉनन ब्रिज या गावाजवळ थोड्या दिवसांत सोळा घारी आणि सहा बझर्ड मेलेले सापडले. मला या दोन वसाहतींची तुलना सबंध पुनरागमनाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा पुरावा वाटते. कारण पक्षी तेच, संख्या तीच, काळ तोच, आणि केवळ माणसाच्या हातातील विषाने दोन्हींच्या नशिबात एवढा जमीनअस्मानाचा फरक पडला. याखेरीज शिकारीच्या छऱ्यांतील शिसे आणि उंदरांना घातलेली औषधे मेलेल्या प्राण्यांतून घारीच्या पोटात जातात, ती वेगळीच.

पुढे यॉर्कशायर, नॉर्दॅम्प्टनशायर, गेट्सहेड, ॲबर्डीन, उत्तर आयर्लंड येथे आणखी वसाहती करण्यात आल्या. त्यांचा तपशील तिसऱ्या प्रकरणात आहे. आज ब्रिटनमध्ये घरटे करणाऱ्या जोड्यांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली आहे. आणि ज्या स्पेनने ही पिल्ले दिली, त्याच्या नैर्ऋत्य भागात विषाने व विजेच्या तारांनी घारी नष्ट होत चालल्या, म्हणून 2022 पासून इंग्लंडातील रॉकिंगहॅमच्या रानातली पिल्ले स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात पाठविली जाऊ लागली. कर्जफेडीचे इतके स्वच्छ उदाहरण राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात क्वचितच सापडेल.

आता ज्या वाचकवर्गाला डोळ्यांपुढे ठेवून हे पुस्तक मराठीत लिहिले त्याच्याविषयी. टेम्सच्या खोऱ्यात, रेडिंग, स्लाव, हाय विकम या गावांत आज मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांच्या परसावरून ही घार रोज फिरते. रेडिंगमध्ये घारी घरटी करीत नाहीत. तरीही दिवसा शेकडो घारी त्या शहरावर येतात. याचे कारण तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी शोधून काढले : शंभरांतील चारपाच घरे आपल्या परसात त्यांच्यासाठी मांस टाकतात. हौस मी समजू शकतो. मुंबईच्या गच्चीवर लहानपण गेलेल्या माणसाला घारीची शीळ परमुलखात ऐकू आली, की त्याच्या मनात काय होते हे मला सांगावयास नको. पण शिजविलेले, खारविलेले मांस आणि हाडाविना कोंबडीचे तुकडे या पक्ष्याच्या पिल्लांना हितकर नाहीत. त्यांच्या हाडांना चुना मिळत नाही. शिवाय माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेली घार बागेत बसलेल्या मुलाच्या हातातील सँडविच उचलते, शेजाऱ्यांचे तक्रारअर्ज नगरपालिकेकडे जातात, आणि "घारी फार झाल्या" हे वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागते. हे वाक्य मला भयावह वाटते. चर्चच्या वह्यांतील पहिल्या नोंदीपूर्वीही कोणीतरी ते उच्चारले असणार.

पुस्तकाच्या रचनेविषयी थोडे सांगितले पाहिजे. पहिली दोन प्रकरणे पक्ष्याच्या शरीरस्वभावाची आणि पूर्वेतिहासाची आहेत. तिसऱ्यात वसाहतींचा वृत्तान्त आहे. चौथ्यापासून पुढे माझ्या रोजनाम्यांतील टिपणे ऋतूंच्या क्रमाने लावली आहेत : हिवाळ्यातील सामुदायिक रातवसा, फेब्रुवारीतील आकाशातील झोंबाझोंबी, एप्रिलमधील अंडी, जूनमधील पिल्लांची भूक, आणि शरदात तरुण पक्ष्यांचे भटकणे. घरट्यांच्या जागा मी जाणूनबुजून दिलेल्या नाहीत. अंडीचोरांची पिढी अद्याप पुरती संपलेली नाही, आणि वीणीच्या हंगामात उत्सुक पाहुण्यांची वर्दळही घरट्याला घातकच ठरते. पंखांवरच्या पट्ट्यांचे रंग व अंक मात्र जेथे वाचता आले तेथे दिले आहेत, कारण त्यावरून एकेका पक्ष्याचे चरित्र जुळविता येते. या कामी ज्या शेतकऱ्यांनी आपल्या कुंपणाआड मला उभे राहू दिले आणि ज्या स्वयंसेवकांनी आपल्या नोंदवह्या माझ्यापुढे उघड्या केल्या, त्यांचा मी ऋणी आहे.

एक प्रश्न महाराष्ट्रातील वाचक विचारील, आणि तो रास्त आहे : या परकी घारीचे आम्हाला काय? आमची घार तर कोठे गेलेली नाही. खरे आहे, पण आपली गिधाडे गेली. 1990 च्या दशकापर्यंत प्रत्येक गावाच्या शिवेबाहेर मेलेल्या ढोरावर उतरणारी पांढऱ्या पाठीची गिधाडे पुढील पंधरा वर्षांत हजारांत एखादे उरावे इतकी घटली. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने, मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या मूत्रपिंडांवर घाला घातला, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. 2006 मध्ये गुरांसाठी त्या औषधावर भारतात बंदी आली. 2023 मध्ये केटोप्रोफेन व ॲसेक्लोफिनॅक यांच्यावर, आणि 2024 च्या अखेरीस निमेसुलाइडवरही ती आली. पिंजोरच्या संवर्धन केंद्रात वाढविलेली गिधाडे 2024 मध्ये आपल्या पेंच व ताडोबाच्या अरण्यांत आणण्यात आली आहेत. ब्लॅक आइलचा इतिहास त्यांच्याबाबतीत आपल्याला आधीच उपलब्ध आहे : ज्या मुलखात विष आहे, त्या मुलखात कितीही पक्षी सोडले तरी ते टिकणार नाहीत, आणि विष गेले, तर पक्षी आपले घर आपण सांभाळतात. गिधाड वर्षाला एकच अंडे घालते. घारीच्या मानाने त्याची वाढ फार सावकाश होणार, म्हणून आपल्या बंदोबस्ताला वर्षांचा नव्हे, पिढ्यांचा हिशेब धरावा लागेल. वेल्सच्या मेंढपाळांनी नव्वद वर्षे तो धरला.

म्हणून ज्यांच्या गावाजवळ, म्हसळ्याच्या बाजूला म्हणा, गडचिरोलीत म्हणा, किंवा सह्याद्रीच्या कोणत्याही कड्यावर म्हणा, गिधाडांचे घरटे अद्याप आहे, त्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी एक साधी वही घालावी; कोणत्या महिन्यात पक्षी आले, अंड्यावर कधी बसले, पिल्लू कधी उडाले, याची तारीखवार नोंद ठेवावी, आणि तिची नक्कल दरवर्षी वनखात्याच्या जवळच्या कचेरीत द्यावी. आणि ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांनी डॉक्टर सुई टोचण्यापूर्वी औषधाचे नाव विचारावे. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना गुणकारी आहे, बाजारात सहज मिळते, आणि त्याने गिधाडे मरत नाहीत.